खोली सातचा हिरवा दिवा

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलं. लिहून झाल्यावर मी कागद तिच्याच हातात दिले. तिने सगळं वाचलं आणि फक्त एक आकडा बदलला. तो कुठला, ते शेवटी सांगतो.

आणि हो, मध्यरात्र, काळोख, ओसाड रस्ता असलं यात काही नाही. सुरुवात झाली ती एका मंगळवारी, दुपारी तीन चाळीसला. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, सगळ्या ट्यूबलाइट चालू असताना, पंचवीस माणसांच्या बडबडीत.

ताई वेब अ‍ॅप्लिकेशन लिहायची. गिऱ्हाईक होतं एक कोल्ड स्टोरेज, मांसाचं. बारा मोठ्या खोल्या आणि आत आकड्यांना लटकवलेली सोललेली जनावरं. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र. ते दर पाच मिनिटांनी ताईच्या अ‍ॅप्लिकेशनला कळवायचं. खोली कितवी, तापमान किती, दार उघडं की बंद.

आता थोडं कामाचं सांगतो. कंटाळू नका, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

वेबसाइटकडे काहीही पाठवलं की त्यासोबत काही ओळी जातात. पाकिटावर पत्ता असतो ना, तशा. या ओळींना हेडर म्हणतात. आत पत्र नसलं तरी पाकिटावरचं लिहिलेलं असतंच. ही यंत्रं स्वस्तातली, त्यामुळे आत पत्र नव्हतंच. सगळा निरोप पाकिटावर.

आणि ताई ज्या फ्रेमवर्कमध्ये काम करायची, म्हणजे वेबसाइट उभी करायची जी आयती चौकट असते, तिची एक रीत होती. हेडर नाव घेऊन मागायचं. 'तापमान' मागितलं, तापमान मिळालं. 'दार' मागितलं, दार मिळालं. जे मागितलं नाही, ते समोर येऊन पडलेलं असलं तरी चौकट आपणहून तोंड उघडत नाही.

ताई तीनच मागायची.

मग यंत्रांची नवी खेप आली. तिच्यात एक लाल बटण होतं. आत कोणी अडकलं तर दाबायचं. दाबलं की आणखी दोन हेडर जायची. एक 'मदत', आणि दुसरं 'क्रमांक', म्हणजे बटण आजवर कितव्यांदा दाबलं गेलं ते. यंत्रवाल्यांनी तसं मेल करून कळवलं. ताईने ते करायच्या कामांच्या यादीत टाकलं आणि साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, "पुढच्या फेरीत घेऊ. होऊन जाईल."

या माणसाला ऑफिसात सगळे मागून 'होऊनजाईल' असंच म्हणायचे. मीही तेच म्हणणार आहे. साहेब म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

ते काम सात आठवडे यादीत पडून राहिलं.

आणखी एकच गोष्ट, मग कामाचं संपलं. यंत्राला उत्तर लवकर मिळालं नाही तर ते तोच निरोप परत परत पाठवायचं आणि सर्व्हर तुंबायचा. म्हणून ताईने आधी पोच द्यायची आणि मग वाचायचं असं ठेवलं होतं. काहीही आलं की उत्तर ठरलेलं. 'मिळालं.' ते उत्तर पोहोचलं की यंत्रावर हिरवा दिवा लागायचा.

दिव्याखाली चिकटपट्टी होती. 'हिरवा दिवा लागला म्हणजे निरोप पोहोचला. शांत राहा.'

ती चिकटपट्टी होऊनजाईलने लिहिली होती.

कोल्ड स्टोरेजमध्ये खोल्या धुणारे एक मामा होते. पन्नाशी उलटलेले. रक्त, चरबी, फरशीवरचा चिकटा, सगळं गरम पाण्याने धुऊन काढायचं हे त्यांचं काम. एका शुक्रवारी खोली सातचं थंड करणारं मशीन बंद पडलं. खोली 'दुरुस्तीसाठी बंद' अशी नोंदली गेली, म्हणून तिचे तापमानाचे इशारेही बंद केले. अर्धं मांस हलवलं, अर्धं तसंच राहिलं.

शनिवारी दुपारी मामा ती खोली धुवायला आत गेले. दार मागे लागलं. आतली मूठ मोडलेली होती, आणि सोमवारपर्यंत तिकडे कोणी फिरकणार नव्हतं.

सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा उघडणारा तिथेच उंबऱ्यात ओकला.

खोलीत तेव्हा चौतीस डिग्री होतं. मांस दोन दिवस सडत होतं. त्यातलं काय मांसाचं आणि काय मामांचं, हे वासावरून सांगता येत नव्हतं, असं तो म्हणाला. मला हे वाक्य लिहिताना किळस येते. पण ताईने हे वाक्य काढू दिलं नाही.

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी सांगितलं की मामा पिऊन होते, आत जाऊन झोपले. बटण होतं की समोर. शुद्धीत असते तर दाबलं नसतं का?

बुधवारी ताईने नोंदी उघडल्या. तिच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये काहीच नव्हतं. पण त्याच्या पुढे जो सर्व्हर बसवला होता, त्यात आलेली सगळी हेडर जशीच्या तशी उतरून ठेवली जायची. तीस दिवस. मग आपोआप पुसली जायची.

तिथे ते होतं.

खोली: सात. दार: बंद. मदत: एक. क्रमांक: एक. शनिवार, दुपारी दोन दहा.

मग क्रमांक दोन. मग तीन.

शेवटचा त्रेसष्ट. रविवारी, सकाळी अकराला.

आणि प्रत्येकासमोर, तिने स्वतः लिहिलेल्या दोन ओळींच्या कोडने दिलेलं उत्तर. मिळालं. मिळालं. मिळालं.

ताई खुर्चीवरून उठली ती थेट बेसिनपाशी गेली. त्या माणसाने त्रेसष्ट वेळा हाक मारली होती आणि त्रेसष्ट वेळा तिने त्याला शांत राहायला सांगितलं होतं.

होऊनजाईलने स्क्रीन नीट वाचली. चष्मा पुसला. केबिनचं दार लावून घेतलं.

"हे अजून कोणी बघितलंय?"

"नाही."

"मग झालं. आपण काही पुसायचं नाही. हातच लावायचा नाही. तीस दिवसांनी आपोआप जातंच ना ते?"

"सर, त्यांच्या बायकोला..."

"कोड कोणी लिहिला होता?" त्याने अगदी प्रेमाने विचारलं. "मी तुझ्यासाठीच सांगतोय. होऊन जाईल."

ताई गप्प बसली. ते गप्प बसणंच तिला अजून छळतं.

पुढच्या आठवड्यांत कोल्ड स्टोरेजवाल्यांनी खोली सातचं यंत्र तपासायला पाठवून दिलं. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, गाठी मारून. ताईने गाठी सोडल्या आणि नाकावर हात गेला. यंत्रावर चरबीचा पिवळट थर होता. लाल बटणावर मात्र थर नव्हता. बोटाएवढी जागा घासून स्वच्छ झालेली.

तिने सेल काढले, कचऱ्यात टाकले. यंत्र टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. हात चार वेळा धुतले.

मग तो मंगळवार आला. चोविसावा दिवस.

मामांची बायको ऑफिसात आली. सोबत कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर. मीटिंगच्या खोलीत होऊनजाईलने त्या बाईंना स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं, मान वाकडी करून हळहळला. मामी साध्या, हडकुळ्या. रडत नव्हत्या. त्यांनी ताईकडेच बघितलं.

"तुम्हीच ना ते कॉम्प्युटरवर बघणाऱ्या?"

"हो."

"मला बाकी काही नको, बाई. एवढंच सांगा. त्यांनी बटण दाबलं होतं का?"



"ते थेंबभर पीत नव्हते," मामी म्हणाल्या. "आणि हाक मारल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता तो. घरात टॉवेल सापडला नाही तरी गल्ली डोक्यावर घ्यायचे. दोन दिवस गप्प पडून राहिले, हे माझ्या मनाला पटत नाही. मुलीही विचारतात. म्हणतात, बाबा खरंच पिऊन होते का?"

होऊनजाईल ताईकडे बघून किंचित हसला. धीर दिल्यासारखा.

ताई म्हणाली, "आमच्याकडे तशी काही नोंद आलेली नाही."

मामींनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तीन चाळीस.

ताई जागेवर परत आली. सगळं नेहमीसारखं. कोणी फोनवर भांडत होतं, कोणी बिस्किटं वाटत होतं. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर अ‍ॅप्लिकेशनची चाचणीची प्रत चालू होती. तिला कुठलंही यंत्र जोडलेलं नव्हतं. जोडणं शक्यच नव्हतं.

तिथे एक नवी ओळ आली होती...

खोली: सात. तापमान: चौतीस. दार: बंद. मदत: एक. क्रमांक: चौसष्ट.

वेळ, तीन चाळीस.

ताईला वाटलं, होऊनजाईल किंवा कोणी तरी थट्टा करतंय. पण खाली आणखी एक हेडर होतं. यंत्रात नसलेलं, कोणी कधी न लिहिलेलं. नाव 'उत्तर'. आणि त्यापुढे मजकूर...

मिळालं मिळालं मिळालं मिळालं मिळालं...

ओळ स्क्रीनच्या बाहेर गेली होती. तिने मोजले नाहीत. किती असतील ते तिला माहीत होतं.

तेवढ्यात आवाज आला.

टक्.

खालच्या ड्रॉवरमधून.

शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, कसला घाण वास येतोय? कोणाचा डबा राहिलाय का?"

ताईने कुलूप उघडलं. ड्रॉवरचा तळ ओला होता. दाट, तपकिरी, तारेसारखं ओघळणारं काहीतरी. यंत्र त्यात पडलेलं होतं. सेलची खाच रिकामी. नाही, अगदी रिकामी नाही... खाचेत एक पांढरी अळी वळवळत होती.

आणि हिरवा दिवा लागलेला होता.

त्या दिवशी ताई संध्याकाळी माझ्याकडे आली. मी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकलो. हा भाग मी स्वतःच्या नाकाच्या साक्षीने सांगतोय. तिच्या हातांना तो वास होता. गोडसर, जड, घशाच्या मागे जाऊन बसणारा. तिने साबण लावला, लिंबू चोळलं, शेवटी राखेने हात घासले. वास गेला नाही. चहाचा कप तोंडाजवळ नेला तर म्हणाली, चहावर चरबी तरंगतेय. मी बघितलं. काही नव्हतं. तरी मलाही तो चहा पिववला नाही.

मी विचारलं, "तू का नाही सांगितलंस त्या बाईंना?"

"नोकरी जाईल म्हणून," ताई म्हणाली. "बघ किती घाण माणूस आहे मी."

'तू घाण नाहीस' असं मला म्हणावंसं वाटलं. पण मी म्हणालो नाही.

बुधवारी क्रमांक पासष्ट आणि सहासष्ट. गुरुवारी दोन. वेळ कुठलीही. भर सकाळी, जेवताना, सगळे हसत असताना. आधी एसीचा आवाज थांबायचा. मग माणसांचा. लोक बोलत असायचे, ओठ हलत असायचे, पण ताईला ऐकू यायचं नाही. जाड भिंतींच्या खोलीत कोंडल्यासारखं.

मग त्या शांततेत...

टक्.

आणि स्क्रीनवर एक ओळ जास्त.

तिने चाचणीची प्रत बंद केली. ओळी आल्याच. नेटची तार उपटली. तरी आल्या. शेवटी तिने सात आठवडे पडून राहिलेलं काम केलं. कोडमध्ये 'मदत' हे हेडर नाव घेऊन मागितलं. चार मिनिटं लागली. सात आठवड्यांचं काम चार मिनिटांचं होतं, हे तिने मला तीनदा सांगितलं. ओळी तरी थांबल्या नाहीत, शुक्रवारी आणखी दोन.

शुक्रवारी होऊनजाईल तिच्या टेबलाशी आला. त्याला वास येत नव्हता. सगळ्या ऑफिसात त्या एकालाच येत नव्हता. टेबलावर हात टेकून आरामात उभा राहिला. ड्रॉवरमधून झिरपलेलं ते तपकिरी त्याच्या बोटांना लागलं. त्याने न बघता ते पँटला पुसलं आणि खिशातून बिस्किट काढून त्याच हाताने खाल्लं.

"सोमवारी तीस दिवस भरतात," तो चावत म्हणाला. "सुटलीस."

त्या क्षणी ठरलं, असं ताई म्हणते. भीतीने नाही. किळस आली म्हणून.

तिने सर्व्हरवरच्या त्रेसष्ट नोंदी छापून घेतल्या, सगळी हेडर, सगळी उत्तरं. एक प्रत मामांच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्यांना पाठवली. दुसरी घेऊन शनिवारी दुपारी मामींच्या घरी गेली. पिशवीत यंत्र होतं. लॅपटॉपही होता, बंद केलेला. मी सोबत होतो. अख्ख्या बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या सीट रिकाम्या राहिल्या.

ताईने उंबऱ्यातच सांगितलं, "मी खोटं बोलले. त्यांनी बटण दाबलं होतं."

मामींनी आम्हाला आत घेतलं. कागद घेतले. त्यांना त्यातलं कळेना, म्हणून ताई शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवू लागली. ही खोली. हे दार. ही मदत. ही वेळ.

"आणि हे शेवटचं काय?"

"ते... आमचं उत्तर."

"काय उत्तर दिलंत?"

"मिळालं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

मामींनी त्या ओळींवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना वाटलं असेल, कोणीतरी येतंय."

ताई तेव्हा रडली. मामी नाही रडल्या. त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं. त्या चिकट, बरबटलेल्या वस्तूला हात लावताना त्यांनी तोंडही वाकडं केलं नाही. हातरुमाल ओला केला आणि ते पुसायला घेतलं. कडा, खाच, दिवा, बटण. घरातलं भांडं पुसावं तसं.

मोठ्या मुलीने दारातून विचारलं, "आई, बाबांनी हाक मारली होती ना?"

"मारली होती गं," मामी म्हणाल्या. "त्रेसष्ट वेळा."

वास गेला. एकदम. मी खोल श्वास घेतला आणि मला ओल्या रुमालाचा आणि साबणाचा वास आला.

घरी येऊन ताईने लॅपटॉप उघडला. एक नवी ओळ होती. वेळ दुपारी दोन दहा, आम्ही मामींच्या घरात होतो तेव्हाची. क्रमांक एकाहत्तर. खोली: सात. आणि पहिल्यांदाच...

दार: उघडं.

ताईची नोकरी गेली. चौकशी चालू आहे. मामांचं नाव तेवढं स्वच्छ झालं. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी पिऊन होते हे शब्द लेखी मागे घेतले.

होऊनजाईल अजून तिथेच आहे. तेच अ‍ॅप्लिकेशन तो आणखी अकरा कोल्ड स्टोरेजना विकून बसलाय. तोच कोड, तेच दिवे, तीच चिकटपट्टी. ताईची ती चार मिनिटांची दुरुस्ती तिच्याच मशीनवर राहिली. तिने ती पाठवून दिली, तीनदा मेल केली. होऊनजाईलचं म्हणणं, पुढच्या फेरीत घेऊ.

मी ही गोष्ट इथे संपवली होती. शेवटचं वाक्य होतं, 'एकाहत्तर हा शेवटचा क्रमांक.'

आज सकाळी ताईने कागद परत पाठवले. एकाहत्तर खोडून तिने बहात्तर केलं होतं.

मी तिच्याकडे धावलो. लॅपटॉप टेबलावर उघडा होता, कशालाही न जोडलेला. आणि घरात पुन्हा तो वास. गोडसर, जड. 

खोली: चार. तापमान: एकतीस. दार: बंद. मदत: एक. क्रमांक: बहात्तर.

खोली सात नव्हे. चार. पण कुठल्या कोल्ड स्टोरेजची, ते त्या हेडरमध्ये नाही.

ताई सकाळपासून जुनं एक आणि नवी अकरा, बाराही ठिकाणी फोन लावतेय. एकेकाला हात जोडून सांगतेय, चार नंबरचं दार उघडून बघा, आत्ता बघा. मी शेजारी बसून हे लिहितोय. पलीकडचं मला ऐकू येतं. सगळे अगदी सभ्यपणे बोलतात आणि एकच सांगतात.

"निरोप मिळाला, मॅडम."